आश्वासन शाखेतले साहेब

मला मदत कुणी केली ते आधी सांगते, काय झालं ते मागून. कर्वेनगरातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर, डाव्या हाताच्या दाराआड एक वयस्क गृहस्थ एकटे राहतात. बिल्डिंग त्यांना तोंडावर 'काका' म्हणते आणि पाठ वळली की 'दिल्लीवाले'. मी साहेब म्हणते. माझ्या डोक्यावरचं छप्पर आणि माझ्या मुलीची दहावी, दोन्ही त्यांनी वाचवलं. प्रेमानं वाचवलं असं मात्र लिहीत नाही. त्यांच्या वाचनात आलं तर ते वाक्य खोडतील, आणि वर समासात 'पुरावा काय?' असं लिहितील.

मी किनवटच्या पुढची. सहावी झाली आणि शाळा सुटली. लग्न होऊन पुण्याला आले, नवरा या बिल्डिंगचा वॉचमन होता. तो गेल्यावर सोसायटीनं मला पाण्याच्या पंपाशेजारची खोली वापरू दिली. बदल्यात जिने झाडायचे आणि सकाळ-संध्याकाळ पंप चालवायचा. शिवाय चार घरी स्वयंपाक करायचे. त्या खोलीत राहिले तेवढी वर्षं मी नोटीस बोर्डापुढून कधी सरळ गेले नाही. आधी थांबायचं, कागद वाचायचा, आपलं नाव नाही ना बघायचं आणि मग पुढे. शिकलेली माणसं बोर्डाकडे बघतसुद्धा नाहीत. त्यांना कुणी काढणार नसतं ना.

साहेबांकडे कामाला लागले त्या दिवशी त्यांनी पोळी उजेडात धरून पाहिली आणि विचारलं, "उद्या किती वाजता येणार?"

मी म्हणाले, "बघते."

त्यांनी खिशातून हिरवी पेन्सिल काढली, वही उघडली, तारीख घातली आणि लिहिलं. मी घाबरले. वाटलं, पगार कापणार. ते म्हणाले, "'बघते' हे उत्तर नव्हे. हे आश्वासन आहे. पाळलं नाहीस तर विचारीन." दुसऱ्या दिवशी मी आठच्या आत हजर. त्यांनी वहीत बरोबरची खूण केली आणि मान वर न करता म्हणाले, "मंत्रिमंडळात घ्यायला हरकत नाही."

साहेबांची सगळी नोकरी दिल्लीत, संसदेच्या कचेरीत झाली. काम काय, तर मंत्र्यांची आश्वासनं वेचायची. खासदार सभागृहात प्रश्न विचारतात, मंत्री उभे राहून म्हणतात, 'बाब विचाराधीन आहे', 'माहिती गोळा करून सभागृहापुढे ठेवू', 'तपासून पाहू.' साहेबांच्या शाखेत ही वाक्यं शोधून एकेक वेगळी काढायची, त्या त्या मंत्रालयाला पाठवायची आणि तीन महिन्यांनी विचारायचं, काय झालं? त्यासाठी खासदारांची एक समिती असते आणि तिच्यात मंत्र्याला घेत नाहीत. "चोराला पंचनाम्यावर सही करायला बोलवत नाहीत, एवढी अक्कल तिथेही आहे," साहेब म्हणायचे.

निवृत्त होऊन पुण्याला आले, पण पेन्सिल सुटली नाही. वाण्यानं 'पाठवतो' म्हटलं, लिहिलं. नळवाल्यानं 'येऊन जातो' म्हटलं, लिहिलं. पुतण्यानं फोनवर 'दिवाळीत नक्की' म्हटलं, तेही लिहिलं, आणि दिवाळी झाल्यावर त्याला पोस्टकार्ड पाठवलं: अमुक तारखेचे आश्वासन, स्थिती कळवावी. पुतण्यानं फोन करणं बंद केलं. साहेबांनी वहीत त्याच्या नावापुढे 'मंत्रालय निरुत्तर' असा शेरा मारला. चेष्टा नव्हती ती. शेरा मारून झाल्यावर ते बराच वेळ खिडकीशी उभे होते.

अधिवेशन चालू असलं की सकाळी अकराला टीव्ही लागायचा. प्रश्नोत्तराचा तास. मी ओट्याशी कणीक मळायचे, ते खुर्चीवर ताठ बसायचे आणि टीव्हीशी भांडायचे. "विचारलं रस्त्याचं, सांगतोय आजोबांचं!" "अध्यक्षांकडे बघून बोल रे, कॅमेऱ्याकडे काय बघतोस, लग्न ठरायचंय का तुझं?" गोंधळ होऊन कामकाज तहकूब झालं की मला म्हणायचे, "गॅस बारीक कर. राष्ट्र चहाला गेलंय."

डोळे अधू झाल्यावर त्यांनी मला पेपर मोठ्यानं वाचायला लावला. सहावीनंतर सुटलेलं माझं वाचन असं तिसऱ्या मजल्यावर पुन्हा सुरू झालं. अध्यादेश, स्थगन, सभात्याग असे शब्द मी पोळ्या भाजता भाजता शिकले. चुकले की साहेब शिकवायचे नाहीत, नुसते कण्हायचे. त्या कण्हण्याच्या धाकानं मी घरी मुलीच्या पुस्तकातले धडेसुद्धा मोठ्यानं वाचायला लागले.

एकदा मी विचारलं, "साहेब, कायदा सभागृह करतं आणि राबवतात मंत्री. पण मंत्री तर त्या सभागृहातलेच. मग विचारणारे आणि करणारे एकाच घरातले झाले की."

त्यांनी मान वर केली. "सहावी पास ना तू?"

"हो."

"राज्यशास्त्राची पदवी घेतलेल्यांना हे तीन वर्षांत कळत नाही. विचारणाऱ्यांतले निम्म्याहून जास्त बाकं वाजवायला बसलेले असतात. उरलेले ओरडतात. खरा प्रश्न विचारणारे चार-दोन. त्या चार-दोघांच्या जिवावर माझी नोकरी चालली." मग लगेच, "भाजी करपतेय."

दिल्लीची फक्त एक गोष्ट त्यांनी मला आपणहून सांगितली. कुठल्याशा डोंगराळ भागातल्या नदीवरच्या पुलाबद्दल मंत्री 'विचाराधीन' म्हणाले होते. साहेबांनी ते आश्वासन वेचलं. तीन महिन्यांनी मंत्रालयानं मुदत वाढवून मागितली, मग पुन्हा, मग पुन्हा. मंत्री बदलत गेले, पत्राचा मजकूर तोच राहिला. शेवटी मंत्रालयानं कळवलं की हे आश्वासन पाळणं शक्य नाही, सोडून द्यावं, आणि समितीनं सोडून दिलं. साहेबांनी रजा टाकली आणि पदरच्या खर्चानं ती नदी बघायला गेले. काठावर एक बाई डोक्यावर भांडी घेऊन उभी होती, पाणी उतरायची वाट बघत. तिनं विचारलं, "तुम्ही सरकार का?" साहेब म्हणाले, "नाही, मी सरकारला विचारणारा." ती म्हणाली, "मग विचारा की."

एवढं सांगून त्यांनी चष्मा पुसला आणि माझ्यावर खेकसले, "तोंड काय बघतेस? मीठ जास्त झालंय आमटीत."

झालेलं नव्हतं.

आता आमच्यावरच्या संकटाचं. आमच्या सोसायटीचे सचिव मोठे उत्साही गृहस्थ आहेत. अशा माणसाच्या हातात बोर्डाची किल्ली असू नये. मुलीची दहावी नुकतीच सुरू झाली होती, तेव्हा एका सकाळी बोर्डावर कागद लागला: कार्यकारी समितीच्या निर्णयानुसार पंपाशेजारील खोली पंधरा दिवसांत रिकामी करून घेण्यात येत असून तेथे पार्सल कक्ष करण्यात येईल. माझं नाव नव्हतंच. मी 'करून घेण्यात येत'मध्ये होते. घरोघरी ऑनलाइन खोकी येतात, ती उन्हात पडतात, म्हणून त्यांना खोली हवी होती. आम्ही दोघी उन्हात पडलो असतो, त्याला इलाज नव्हता.

पुण्यात मला परवडेल अशी खोली मिळत नव्हती. दोन दिवस फिरले. म्हणजे किनवट. म्हणजे मुलीची शाळा वर्षाच्या मधेच बंद आणि माझ्यासारखंच तिचंही. मी साहेबांना काही बोलले नाही, पण पोळ्या जळाल्या.

"आज पोळ्यांनी निषेध नोंदवलाय का?" त्यांनी विचारलं. मला रडू आलं. मी सगळं सांगितलं.

त्यांनी माझं सांत्वन वगैरे केलं नाही. भिंग घेतलं, चपला घातल्या, जिना उतरून बोर्डापाशी गेले आणि कागद दोनदा वाचला. सचिव गाडी पुसत होते.

"अहो सचिव, हा ठराव सर्वसाधारण सभेत कधी झाला?"

"समितीचा निर्णय आहे, काका. पुढच्या सभेत मंजूर करून घेऊ."

"खोली दिली होती सर्व सभासदांच्या सभेनं. सभेनं दिलेलं समिती काढून घेते आणि सभेला मागून कळवते. म्हणजे अध्यादेश काढलात. अधिवेशन नसताना."

"काका, ही संसद नाहीये."

"ते दिसतंच आहे. तिथे निदान लाजेखातर कागद सभागृहापुढे ठेवतात."

वर आल्यावर मी पाया पडायला वाकले तर पाय मागे घेतले. "तुझ्यासाठी करत नाहीये. मला त्या माणसाची पद्धत आवडलेली नाही."

आमच्या सोसायटीच्या नियमांत एक सोय होती. पाचवा हिस्सा सभासदांनी सह्या केल्या तर विशेष सभा बोलवावीच लागते. सात सह्या लागत होत्या, त्या मिळाल्या. पार्किंगवरून सचिवांवर डूख धरून असलेली सात घरं सहज निघाली. पण त्याच नियमात एक मेख होती. नेहमीच्या सभेला माणसं कमी आली तर अर्धा तास तहकूब करून मग असतील तेवढ्यांत उरकतात. म्हणून आमच्याकडे सगळे अर्धा तास उशिरा येतात, किंवा येतच नाहीत. सभासदांनी मागितलेल्या सभेला ती सवलत नव्हती. अर्ध्या तासात वीस सभासद भरले नाहीत तर सभा बरखास्त. सचिवांना काहीच करायचं नव्हतं. लोकांनी घरी बसायचं होतं, आणि त्या कामात आमची बिल्डिंग पटाईत.

"संसदेत कसं असतं?" मी विचारलं.

"दहावा हिस्सा लागतो. पुष्कळदा तेवढेही नसतात. पण कोणी उठून तसं म्हणत नाही तोवर सगळे आहेत असं धरून चालतात. देशाचे कित्येक कायदे रिकाम्या बाकांच्या साक्षीनं झालेत." मग माझ्याकडे रोखून बघत म्हणाले, "इथे तो सचिव उठून तसं म्हणणारच. वीस माणसं आणायला लागतील. मी गेलो तर वीसची दहा होतील. आजपासून तू माझी प्रतोद."

प्रतोद म्हणजे पक्षाची माणसं मतदानाला हाकून आणणारा. मी दारोदार हिंडले. पहिल्या मजल्यावरच्या शेखभाभी म्हणाल्या, "येते ग. तुझ्या साहेबांनी माझ्या बिर्याणीला 'अपूर्ण उत्तर' म्हटलं होतं, पण येते." पाचव्या मजल्यावरच्या मुलाला रविवारीही हिंजवडीच्या ऑफिसचा कॉल होता. तो म्हणाला, "मी लॅपटॉप घेऊन येऊन बसेन, ताई, पण म्यूटवर असेन." साहेबांना सांगितलं तर म्हणाले, "शरीर येतंय ना? दिल्लीतही तेवढंच मागतात."

अडलं दुसऱ्या मजल्यावर. तिथल्या बाई शाळेतून निवृत्त झालेल्या, आणि त्यांच्या शब्दावर आणखी तीन घरं हलणारी. साहेबांनी कधीतरी त्यांच्या नातवाला म्हटलं होतं, 'उत्तर येत नसेल तर गप्प बस, तू काही मंत्री नाहीस.' पोरगं घरी येऊन रडलं होतं. बाई मला म्हणाल्या, "तुझ्यासाठी जीव तुटतो, पण त्या गृहस्थांनी आधी माफी मागावी."

मी साहेबांना सांगताना दाराची कडी धरून उभी होते. वाटलं, आता मलाच घालवतील. ते उठले, कोट घातला. मे महिन्यासारखा उकाडा होता आणि हे कोट घालून दुसऱ्या मजल्यावर.

बाईंनी दार उघडलं. साहेब उंबऱ्याबाहेरूनच म्हणाले, "आपल्या नातवाविषयी मी जे शब्द वापरले ते कामकाजातून काढून टाकावेत, अशी विनंती करायला आलो आहे."

बाईंनी त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. "काढले. चहा घेणार का?"

"नाही."

"मग निघा. रविवारी येते."

रविवारी सकाळी दहाला पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्या. अध्यक्ष म्हणून बँकेतून निवृत्त झालेले एक सज्जन बसले होते, ज्यांनी इतक्या वर्षांत सभेला 'हो हो' याखेरीज काही सांगितलं नव्हतं. मी जिन्याच्या पायरीवर बसून मोजत होते. दहा. चौदा. सव्वादहाला सतरा. मग भाभी आल्या, मग लॅपटॉपवाला आला. एकोणीस. समितीची माणसं गेटबाहेर टपरीवर चहा पीत उभी होती, सभेत पाऊल न टाकता. मुलगी खोलीच्या दारातून माझ्याकडे बघत होती आणि मी तिच्याकडे बघत नव्हते.

सचिवांनी साडेदहा वाजायची वाट पाहायला हवी होती. तेवढं एकच काम होतं त्यांना. पण सभा मोडल्याचं स्वतःच्या तोंडानं सांगायची हौस फिटत नव्हती. साडेदहाला दोन मिनिटं कमी असताना ते हसत आत आले आणि खुर्च्यांच्या मधोमध उभे राहून म्हणाले, "अध्यक्ष महोदय, सभेला कोरम नाही. सभा बरखास्त करावी."

साहेब बसल्या जागेवरून म्हणाले, "हे कोण बोललं?"

"मी बोललो."

"सभासद या नात्यानं?"

"म्हणजे काय? सभासदच आहे मी!"

"हजर आहात?"

"समोर उभा आहे, दिसत नाही का?"

"मला कमी दिसतं. अध्यक्षांनी मोजावं."

अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं, बोटानं एकेक डोकं मोजलं, आणि सचिवांपाशी येऊन बोट थांबलं. "वीस," ते म्हणाले. स्वतःच दचकले. मग जरा मोठ्यानं, "वीस भरले. सभा सुरू झाली."

"पेन देऊ का हो हजेरीच्या सहीला, सचिव?" दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी विचारलं. भाभी तर पदर तोंडाला लावून हलत होत्या.

साहेब तीनच वाक्यं बोलले. खोली सभेनं दिली, सभेला न विचारता काढता येणार नाही. शैक्षणिक वर्ष संपेपर्यंत तरी ही नोटीस रद्द करावी. आणि आवाजी मतदान नको, हात मोजा, म्हणजे उद्या जिन्यात भेटल्यावर कोणाला 'मी तर तुमच्याच बाजूचा होतो' असं म्हणायला नको.

बाजूनं बारा हात वर झाले, विरुद्ध नऊ. बेरीज एकवीस. लॅपटॉपवाल्यानं दोन्ही वेळा हात वर केला होता. सगळे हसले. बारा आमचे धरले असते तर कुणी काही म्हणालं नसतं, पण साहेबच उठले. "त्याचं मत दोन्हीकडून वगळा." मी बोटांवर पुन्हा मोजलं. अकरा विरुद्ध आठ. ठराव मंजूर.

मी रडत वर गेले, पेढे घेऊन. साहेबांनी पेढा बाजूला ठेवला. "जिंकलो असं समजू नकोस. सभागृह एक दिवस बसतं. सरकार रोज बसतं."

खरंच होतं. नोटीस बोर्डावर तशीच. काचेला कुलूप, किल्ली सचिवांकडे. विचारलं तर म्हणाले, इतिवृत्त तयार होतंय. मग म्हणाले, समितीच्या विचाराधीन आहे. विचाराधीन! कुणापुढे काय बोलतोय हे त्या माणसाला कळलं नाही. साहेबांची वही उघडली. दुसऱ्या दिवसापासून बरोबर अकराला ते जिना उतरून सोसायटीच्या ऑफिसात जायला लागले. गुडघे दुखायचे, दर मजल्यावर थांबायचे. आत गेल्यावर एकच प्रश्न: "सभेच्या ठरावाची अंमलबजावणी कधी?" सचिव काहीतरी सांगायचे, साहेब लिहून घ्यायचे, कालचं उत्तर वाचून दाखवायचे आणि दोन्हींतला फरक विचारायचे. सचिवांनी ऑफिस दहाला उघडून पावणेअकराला बंद करायला सुरुवात केली. साहेब साडेदहाला जायला लागले. मी म्हणाले, "साहेब, राहू द्या, तुमचे पाय." तर म्हणाले, "तू मधे बोलू नकोस. तू पाहुण्यांच्या गॅलरीत आहेस."

पाचव्या आठवड्यात सचिवांनी काच उघडली, कागद फाडून काढला आणि साहेबांच्या हातात दिला. "घ्या काका, घाला वहीत!" साहेबांनी खरंच वहीत घातला. पार्सलची खोकी आता सचिवांच्या पॅसेजमध्ये पडतात.

मुलगी त्याच खोलीतून दहावी झाली. आता डिप्लोमाला आहे. मला हिंजवडीला एका होस्टेलचं स्वयंपाकघर सांभाळायला मिळालं, तिथेच राहायचीही सोय आहे. दर महिन्याला साहेबांकडे जाते. नवीन बाईच्या पोळ्यांबद्दल ते जे बोलतात ते लिहिण्यासारखं नाही. गेल्या खेपेला चहाचा कप दोन्ही हातांनी धरला होता, तरी बशीत सांडला. मी पुसायला गेले तर म्हणाले, "माझं मी बघतो."

बघू देणार नाही, साहेब. ज्या दिवशी तुम्हाला जिना उतरता येणार नाही, उठून पाणी घेता येणार नाही, आणि पुतण्याकडून पोस्टकार्डाचं उत्तर आलेलं नसेल, त्या दिवशी मी होस्टेलची किल्ली देऊन टाकीन आणि कर्वेनगरला येईन. तुमचं न्हाणं, खाणं, औषध, सगळं मी करीन. तुम्ही दारातून परत पाठवाल, पण मी जाणार नाही. हा माझा शब्द.